काचेला काय दिसते

अंबाजोगाईला आत्याच्या घरी, माळवदाखालच्या मधल्या खोलीत, भिंतीतल्या देवळीत एक निळी अत्तराची बाटली कित्येक वर्षांपासून उभी आहे. उंची जेमतेम चार इंच, पोट गोल, मान बारीक, डोक्यावर बिनरंगी काचेचे पैलूदार टोपण आणि अंगभर सोनेरी रेघांची वेलबुट्टी. त्यातली निम्मी वेल हात लागून लागून पुसली गेलेली. निजामाच्या काळात पणजोबांनी ती हैदराबादेहून आणली, एवढीच तिची कहाणी घरात सांगितली जाते. तिचे नीट छायाचित्र काढायचे म्हणून मी ती लातूरला आणायला निघालो, तेव्हा आत्याने एकच अट घातली. "वरून काय पुसायचं ते पूस, आतून धुऊ नकोस. वास जाईल तिचा."

पहिले छायाचित्र मी कुणीही काढेल तसेच काढले. टेबलावर पांढरी चादर, मध्ये बाटली, उजव्या हाताला लग्नाच्या कामांसाठी घेतलेला फ्लॅश आणि त्यावर पांढरी छत्री. नवरीच्या चेहऱ्याला जो उजेड शोभतो तो बाटलीलाही शोभेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बाटलीच्या पोटावर छत्रीचा पांढरा गोळा आला, आणि तोही असा की छत्रीच्या काड्या मोजून घ्याव्यात. शेजारी खिडकीचे गज उमटले आणि बरोबर मधोमध बनियनवर उभा असलेला मी. निळा रंग कुठेच नव्हता, बाटली शाईने भरल्यासारखी काळी दिसत होती, आणि वरचे टोपण पांढऱ्या चादरीत कुठे सुरू होते व कुठे संपते हेच कळत नव्हते. त्यानंतर मी उजेड वाढवला, मग कमी केला, मग फ्लॅश डावीकडे नेला. गोळा उजवीकडून डावीकडे गेला, एवढाच काय तो फरक पडला.

चूक उजेडाच्या मात्रेत नव्हती. कापड, लाकूड, मातीचे मडके, माणसाची त्वचा या गोष्टी त्यांच्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, म्हणून दिवा कुठेही ठेवला तरी त्यातला काही भाग कॅमेऱ्यापर्यंत येतोच. काच तसे करत नाही. कॅरमच्या कडेवर आपटलेली सोंगटी ज्या कोनात जाते त्याच कोनात परतते, तसा काचेवर पडलेला प्रकाशही ठरल्या कोनातूनच परततो. आणि सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकी तर एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्केच परततो, उरलेला आत शिरतो, वाकतो आणि पलीकडे निघून जातो. तिरप्या कोनात हे प्रमाण झपाट्याने वाढते. याचा अर्थ असा की बाटलीच्या मध्यभागातून आपल्याला मुख्यतः तिच्या मागचे जग दिसते, आणि तिच्या कडांवर, जिथे आपली नजर काचेला जवळजवळ घासून जाते, तिथे वळून आलेले बाजूचे जग दिसते. गोल पोटाच्या बाटलीत तर अख्खी खोली मावते. तेव्हा बाटलीवर प्रकाश कसा टाकायचा हा प्रश्न सोडून देऊन, बाटलीला चारही बाजूंनी काय दिसावे हे ठरवायला लागल्यावर माझे काम मार्गी लागले.

गंजगोलाईतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून नकाशे काढण्याच्या ट्रेसिंग पेपरचा गुंडाळा आणला, फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची दोन फूट बाय तीन फुटांची चौकट कापली आणि तिच्यावर तो कागद ताणून चिकटवला. चौकटीच्या मागे दीड फुटावर दोन एलईडी ट्यूब उभ्या केल्या. कागद ट्यूबच्या फार जवळ नेला की ट्यूबच्या जागी पांढरे पट्टे दिसतात आणि फार लांब नेला की उजेड मंदावतो, त्यामुळे हे अंतर डोळ्यांनीच ठरवावे लागते. बाटली कागदापासून अडीच फूट पुढे ठेवली आणि खोलीतला इतर सगळा उजेड बंद केला. आता बाटलीला मागे एक पांढरा चौकोन दिसत होता आणि बाजूंना अंधार. बाटलीच्या कडेला जिथे प्रकाश बाजूने वळून येतो तिथे अंधारच वळून आला, आणि पेन्सिलीने काढावी तशी एक काळी रेघ पूर्ण आकृतीभोवती उमटली. चादरीत हरवलेल्या टोपणाचा एकेक पैलू आता वेगळा दिसत होता.

या मांडणीत एक गोष्ट मला फार उशिरा समजली. मागचा पांढरा चौकोन कॅमेऱ्याच्या चौकटीपुरताच हवा, त्याहून मोठा नको. मी सुरुवातीला हौसेने संपूर्ण भिंत उजळवत असे. त्यामुळे जादा पांढरेपणा कडांमध्ये शिरून काळी रेघ करडी पडत असे आणि भिंगावर थेट पडणाऱ्या उजेडाने साऱ्या चित्रावर दुधाळ पडदा येत असे. पुढे काळ्या कार्डशीटचे चार तुकडे घेऊन, कॅमेऱ्यातून पाहत, चित्राच्या चौकटीच्या अगदी कडेपर्यंत ते चारही बाजूंनी आत सरकवत आणले. एकेक तुकडा आत सरकताना बाटलीची कड अक्षरशः डोळ्यांदेखत गडद होत जाते, आणि ते पाहण्यात मला अजूनही मजा वाटते. त्याच कारणाने बाटली कागदाला चिकटवून ठेवू नये. जवळून कागद तिला फार मोठा दिसतो आणि बाजूंचा अंधार उरत नाही.

मागून उजेड आल्यावर निळा रंग उगवला, पण तळाशी काच जाड असल्याने तिथे तो अजून काळपटच होता. कोबाल्टची काच अशीच असते. चिमूटभर कोबाल्टने काच गडद निळी होते आणि जाडी दुप्पट झाली की तिच्यातून फारच थोडा प्रकाश पार होतो. त्यासाठी केकखाली येणारा चंदेरी पुठ्ठा बाटलीच्या आकारापेक्षा थोडा लहान कापला, बाटलीच्या अगदी मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा लपवला आणि किंचित वर तिरका करून मागचा उजेड तळाकडे वळवला. पुठ्ठा अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी त्याची सरळ कड काचेतून डोकावते. तो कापण्यात मी तीन पुठ्ठे वाया घालवले, आणि केक मात्र घरच्यांनी खाल्ले.

खरा पेच सोनेरी वेलीचा होता. काचेला मागून उजेड हवा आणि सोनेरी रेघ ही धातूसारखी वागते, तिला पुढून काहीतरी उजळ दिसल्याशिवाय ती चमकतच नाही. नुसत्या मागच्या उजेडात ती वेल निळ्यावर काढलेल्या काळ्या नक्षीसारखी दिसत होती. पुढून मोठा पांढरा कागद धरला तर वेल सोनेरी होई, पण काचही तो कागद परतवत असल्याने निळ्यावर राखेसारखी छटा येई. दोन दिवस ही ओढाताण चालली. शेवटी पांढऱ्या कार्डशीटची दोन इंच रुंद आणि एक फूट उंच पट्टी कापली, ती कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, बाटलीपासून आठेक इंचांवर उभी केली आणि तिच्यावर पोटमाळ्यावरचा टेबललॅम्प सोडला. आता बाटलीच्या डाव्या खांद्यापासून तळापर्यंत एक अरुंद उजळ रेघ आली, तिच्या आसपासची वेल पिवळ्या सोन्यासारखी पेटली आणि उरलेली वेल अंधारात राहिली. सगळी वेल दाखवायची असेल तर ट्रायपॉड न हलवता पट्टी थोडी थोडी सरकवत चार-पाच छायाचित्रे काढून संगणकावर एकत्र जोडता येतात. मी ते करून पाहिले आणि सोडून दिले, कारण सगळी वेल एकसारखी चमकली की बाटलीचा गोलपणा जातो आणि ती कागदावर छापल्यासारखी दिसते.

आत्याचा फोन त्या दोन दिवसांत आला होता. घरात कोणीतरी तिला सांगितले असावे. "दोन घंटे झाले म्हणे त्या बाटलीकडे नुसताच बघू लागलास?" मी दोन दिवस झाल्याचे सांगितले नाही.

काळ्या पार्श्वभूमीवरची मांडणी याच्या अगदी उलट असते. बाटलीला मागे अंधार आणि बाजूंना उजेड दिसला पाहिजे, म्हणजे कडा प्रकाशाच्या रेघांनी निघतात आणि मधला भाग काळा राहतो. बिनरंगी काचेला, विशेषतः पेले आणि कोरीव नक्षीच्या फुलदाण्यांना, ही मांडणी फार खुलते. निळ्या बाटलीला मात्र ती अजिबात चालत नाही, कारण मागचा अंधार तिचा रंगच गिळून टाकतो. त्याच कागदी चौकटीच्या मधोमध, चित्राची चौकट जेमतेम भरेल एवढी काळी मखमल लावलेला पुठ्ठा टांगायचा, चौकटीचा उजळ भाग त्याच्या चारी बाजूंनी बाहेर राहू द्यायचा आणि वस्तू पुढे ठेवायची. वस्तू टेबलावर ठेवली की खालून उजेड येत नाही आणि तळाची कड दिसेनाशी होते, म्हणून मी ती पुठ्ठ्याच्या चौकटीच्या खालच्या काठापेक्षा उंच, टेबलाच्या अगदी मागच्या काठावर ठेवतो. खाली घालायला काळ्या कागदावर काच ठेवू नये. काचेच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब येते आणि वस्तूखाली दुहेरी सावलीसारखे काहीतरी दिसते. स्वयंपाकघराचा ओटा करताना उरलेला पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा उत्तम. त्याचे प्रतिबिंब एकच आणि स्वच्छ पडते.

आणि धूळ. पांढऱ्या पार्श्वभूमीवर जी धूळ डोळ्यांना दिसत नाही ती काळ्यावर चांदण्यांसारखी पसरलेली दिसते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दार-खिडक्या बंद करूनही टेबलावर तासाभरात काळ्या मातीचा थर बसतो, त्यामुळे हे काम मी पावसाळ्यानंतरच हाती घेतो. काच धुण्याचाही एक धडा आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले. त्याने धुतलेली काच वाळली की तिच्यावर पांढरे ठिपके राहतात आणि ते कापडाने जात नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणून शेवटचे विसळणे त्यानेच करावे. आधीचे ठिपके पाण्यात थोडे व्हिनेगर घालून निघतात, पण सोनेरी नक्षी असलेल्या काचेला व्हिनेगर लावू नये आणि नक्षीवर घासूही नये. ती वेल वरून चढवलेली असते. धुतल्यावर बोटे लावायची नाहीत. मी सुती हातमोजे घालतो, बँडवाल्यांच्या गणवेशात असतात तसे पांढरे.

एक चूक सांगितलीच पाहिजे, कारण ती महागात पडली आणि ती सर्वस्वी माझी होती. नांदेडच्या एका स्नेह्यांच्या जुन्या वाड्यातली, पूर्वी तेलाचा दिवा लावून टांगत असत ती काचेची हंडी मी छायाचित्रांसाठी मागून आणली होती. तेव्हा माझ्याकडे एलईडी नव्हते; लग्नाच्या चित्रीकरणात वापरतात तो हजार वॉटचा हॅलोजन होता. जानेवारीतली सकाळ, हंडी रात्रभर गच्चीलगतच्या थंड खोलीत राहिलेली, आणि मी हॅलोजन तिच्यापासून दीड फुटावर आणून लावला. पाच मिनिटांनी नखाने टिचकी मारावी तसा आवाज झाला आणि काठापासून खाली दोन इंचांची तडा गेली. साधी काच तापली की प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. एक बाजू तापून पसरते, दुसरी थंड राहते आणि मधला ताण कुठल्यातरी जुन्या ओरखड्यावर फुटतो. स्नेह्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटले. हॅलोजन मी त्याच आठवड्यात विकून टाकला.

एलईडीचे आपले दोष आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर फार जलद ठेवले तर चित्रात आडवे पट्टे येतात. बाटली कुठे पळून जात नाही, त्यामुळे शटर १/५० सेकंदाहून जलद ठेवण्याचे कारणच नाही. मी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १००, भिंगाचे छिद्र एफ/११ आणि शटर पाव सेकंदाच्या आसपास ठेवतो, कॅमेरा ट्रायपॉडवर असतो आणि दोन सेकंदांच्या टायमरने फोटो घेतो. छिद्र आणखी बारीक करत एफ/२२ पर्यंत जाण्याचा मोह होतो, पण इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि ज्या कडांसाठी एवढा खटाटोप केला त्याच मऊ पडतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगांची जुळणी, त्याच ट्रेसिंग पेपरवरून घ्यावा, कारण तो कागद स्वतः किंचित पिवळसर असतो. मागचा पांढरा चौकोन पूर्ण पांढरा होण्याच्या थोडे अलीकडेच थांबवावा. तो एकदा ओसंडला की कडेची बारीक रेघ त्यात बुडते.

पोलरायझर, म्हणजे भिंगावर लावून फिरवायचा प्रकाश गाळणारा फिल्टर, घेतला की सगळी प्रतिबिंबे जातात, असे मला दुकानदारासह अनेकांनी सांगितले होते. सपाट काचेवर, लंबापासून सुमारे ५६ अंशांच्या कोनात, ते बरेचसे खरे आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात कपाटांच्या काचेपलीकडच्या वस्तू पाहताना तिरपे उभे राहून पोलरायझर फिरवला तर काचेवरची खिडकी विरून जाते. पण गोल बाटलीवर प्रत्येक ठिकाणी कोन वेगळा असतो. एका पट्ट्यातले प्रतिबिंब जाते आणि शेजारचे जसेच्या तसे राहते. आरशावर किंवा लमाण बायकांच्या कांचळीवरच्या आरशांवर तर तो काहीच करत नाही, कारण तिथे परतवणारा धातूचा लेप असतो. मला त्याचा उपयोग निराळ्याच ठिकाणी झाला. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर वस्तू ठेवून भिंगावर पोलरायझर फिरवत पडदा काळा केला की साच्यातल्या प्लास्टिकमध्ये अनेकदा इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात, नीट निववलेली काच मात्र जवळजवळ काळीच राहते. जुन्या झुंबराचे म्हणून विकत घेतलेल्या सहा लोलकांपैकी दोन लोलक असे रंगीबेरंगी निघाले.

लोलकांना मऊ उजेड आवडत नाही. ट्रेसिंग पेपरमागच्या रुंद उजेडात त्यांतून निघणारे रंग एकमेकांवर पडून पुन्हा पांढरे होतात. त्यांना लहान आणि लांबचा दिवा लागतो, आणि तसा सर्वांत चांगला दिवा म्हणजे सूर्य. हिवाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास पूर्वेच्या दाराला दोन पुठ्ठे लावून मधे बोटभर फट ठेवायची, त्या पट्ट्यात लोलक दोऱ्याने टांगायचा आणि तो फिरायचा थांबेपर्यंत वाट पाहायची. यात वेळ जातो, आणि ऊन पुढे सरकत असल्याने फटही सरकवावी लागते.

बाटलीच्या अखेरच्या छायाचित्रात मला एक खोट दिसत होती. तळाशी, निळ्या काचेच्या आत, वाळून गेलेल्या अत्तराची एक गडद रेघ आली होती, आणि ती तिरपी होती. डावीकडे वर, उजवीकडे खाली. बाटली वाकडी ठेवली गेली असे वाटून मी गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि टेबल, ग्रॅनाइट, ट्रायपॉड सगळे तपासले. सगळे सरळ होते. रेघ पुसायची तर बाटली आतून धुवावी लागली असती, म्हणून ती तशीच ठेवून छायाचित्र छापले आणि बाटलीबरोबर अंबाजोगाईला नेले. आत्याने चष्मा लावून छायाचित्र खिडकीपाशी धरले. सोनेरी वेलीबद्दल ती काही बोलली नाही. तिने त्या तिरप्या रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "देवळीचा तळ उतरता आहे ना. अतिवृष्टीच्या साली भिंत खचली होती या बाजूनं." मग तिने बाटली उचलून परत देवळीत ठेवली, आणि मी वाकून पाहिले तर ती डावीकडे किंचित झुकलेली होती.